चांदवडहून आलेली हळद

लग्नसराई सुरू झाली हे आमच्या घरी पंचांग बघून कळत नाही, खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या की कळतं. गंगापूर रोडला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा मागे द्राक्षाची बाग होती. बिल्डरने ती बाग दाखवूनच फ्लॅट गळ्यात मारला. आता तिथे लॉन्स आहेत. एक नाही, एकाला लागून एक अशी तीन. तिघांचे डीजे वेगळे, गाणी वेगळी, आणि तिन्हीकडचे नवरदेव नेमके एकाच वेळी घोड्यावर बसतात. परवा मी वरणाला फोडणी देत होते, तर पातेल्यावरचं झाकण ठेक्यात वाजायला लागलं. ह्यांना म्हटलं, "अहो, कुठेतरी तक्रार करा ना." हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "दहापर्यंत परवानगी आहे त्यांना."

आमच्या ह्यांचा नियमांवर फार जीव. बायकोवर आहे की नाही हे एवढ्या वर्षांत नीट कळलेलं नाही, नियमांवर आहे हे मात्र नक्की.

मी खिडक्या लावते, पडदे ओढते, कपाळाला बाम चोळते. आणि तसं पडल्या पडल्या मला तो एक उन्हाळा आठवतो, ज्या उन्हाळ्यात ही तिन्ही लॉन्स मुकी होती. गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, खुर्च्यांचे ढिगारे ताडपत्रीखाली झाकलेले, कमानीवरचे कापडी गुलाब उन्हाने पांढरे पडलेले. आवाजाने डोकं उठणारी मी, रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून एखादा तरी ताशा वाजतोय का म्हणून कान देऊन असायची. कारण माझ्या मुलाचं लग्न अडकलं होतं.

निरंजन माझा एकुलता एक. मस्कतला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात नोकरीला. मुक्ता चांदवडची, जनावरांची डॉक्टर. दोघांचं जमलं, साखरपुडा झाला, निरंजन पेढे घेऊन परत गेला आणि त्यानंतर जगाने दारं लावून घेतली. पहिला मुहूर्त गेला तेव्हा विमानंच बंद होती, त्यामुळे कुणावर रागावता आलं नाही. दुसऱ्या मुहूर्ताला विमानं सुरू झाली होती, तिकीट हातात होतं, माझे अनारसे तळून झाले होते, आणि निघायच्या आदल्या दिवशी विमान रद्द झाल्याचा निरोप आला. कारण विचारलं तर, "नवीन सूचना आहेत." अनारसे आम्ही दोघांनी खाल्ले. मला अजून अनारसे आवडत नाहीत.

मग तिसरा मुहूर्त धरला. मुक्ताच्या वडिलांनी, आप्पांनी, तेव्हाच फोनवर सांगून टाकलं होतं. आप्पांचा कांद्याचा व्यापार, बोलणं तोलून मापून. "विहीनबाई, पोरगी दोन वर्सं साखरपुडा करून घरात हाय. गावाला तोंड हाय. हा मुहूर्त धरू, पन ह्याच्या म्होरं मी थांबायचो नाय." त्यांचंही काय चुकलं? आणि इकडे निरंजनची रजा मोजकी. तिकडचा देश आपल्या लोकांना दार लावणार अशी कुणकुण रोज येत होती. दार लागायच्या आत परत गेला नाही तर नोकरी गेली. म्हणजे हा मुहूर्त टळला की लग्न मोडलं, इतकं ते सरळ होतं.

सरळ होतं, पण सोपं नव्हतं. मी स्वतः देवळाली कॅम्पच्या पोस्टात जन्म काढला, खिडकीच्या आतल्या बाजूला. जवानांच्या बायकांना "ही सही जुळत नाही, उद्या या" असं मीच सांगायची. त्यामुळे नियम म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यातली मी नाही. पण पोस्टाचा नियम सकाळी जो असायचा तोच निदान दुपारी असायचा. इथे आम्ही रात्री झोपायचो तेव्हा एक नियम, आणि चहा पिताना दुसरा. तपासणी निघण्याआधी करायची, मग उतरल्यावर करायची, मग दोन्हीकडे करायची. अमुक देशाहून येणाऱ्याने हॉटेलात राहायचं, तमुक देशाहून येणाऱ्याने घरी. मस्कत कधी अमुकमध्ये असायचं, कधी तमुकमध्ये. हे रोज परिपत्रक मोठ्याने वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, "यात तथ्य आहे." एकदा तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी त्यांचा चष्मा डाळीच्या डब्यात लपवून ठेवला.

पंचवटीतले आमचे गुरुजी मुहूर्त काढायचे आणि परिपत्रक तो बुडवायचं. तिसऱ्या वेळी गुरुजींनी आधी ह्यांनाच विचारलं, "विमानाचा योग कधी आहे ते सांगा, मी त्याच्या आसपास बघतो." आणि मग जरा थांबून, "मुलगा निगेटिव्ह आहे ना? मग बाकी गुण जुळतीलच." माझ्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या धाकट्या बहीण नलूताई, कॉलेज रोडला राहतात. त्या येऊन-जाऊन एकच म्हण ऐकवायच्या, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." मुक्ताचं नाक चांगलं सरळ आहे. हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

शेवटी निरंजन आला. मुंबईत उतरला, हॉटेलात आठवडाभर कोंडला गेला, आणि मग टॅक्सीने नाशिकला, हाताच्या पाठीवर शाईचा शिक्का घेऊन. मतदानाची शाई बोटाला लागते, ही पंज्यावर. मी उंबऱ्यात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. लांबून आलेल्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला घरात घ्यायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. हे मागून म्हणाले, "सहा फूट." मग मी सहा फुटांवरून ओवाळलं. हवेतच. निरंजन पायातले बूट काढून माझ्यासमोरून गेला, सरळ आतल्या खोलीत, आणि दार लागलं. मुलगा घरी येतो आणि आई भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटून उभी असते. कुणाला शिव्या द्याव्यात हेही कळेना.

त्या खोलीबाहेर एक स्टूल ठेवलं होतं. ताट ठेवायचं, दारावर टकटक करायचं आणि मागे सरकायचं. मी स्वयंपाकघरात पोचले की दार उघडायचं. ताट परत आलं की साबणाच्या उकळत्या पाण्यात बुडवायचं. वन्सं फोनवर म्हणाल्या, "बघ वहिनी, आपल्या जुन्या लोकांना सगळं ठाऊक होतं. सोवळं-ओवळं उगीच नव्हतं." मी आतून खदखदले. लहानपणी आमच्या घरात महिन्याचे चार दिवस बाजूला बसवत. मागच्या पडवीत, पोत्यावर, वरून पाणी ओतून. ताट लांबून सरकवायचे, जमिनीवरून खरखरत यायचं ते. ते ठाऊक असण्यातलं शहाणपण मी पोत्यावर बसून पाहिलेलं आहे. आता तसंच ताट मी माझ्या पोराकडे सरकवत होते, आणि या वेळी त्याला कारण खरं होतं. खऱ्या कारणाचाही राग येतो, हे मला तेव्हा समजलं.

दुपारी हे झोपले की मी बोळात खुर्ची टाकून दाराला पाठ लावून बसायची आणि आतल्या मुलाला फोन लावायची. त्याचा आवाज मला दोनदा ऐकू यायचा, एकदा दारातून खरा आणि मग फोनमधून जरासा उशिरा. मी म्हणायची, "फोन ठेव, असंच बोल." तो म्हणायचा, "बाबा ऐकतील, दाराशी बसलीस म्हणून तुला रागावतील." अशाच एका दुपारी तो हसत हसत म्हणाला, "आई, साखरपुड्यानंतर मला हात लावलाय तो फक्त नाकात काडी घालणाऱ्या माणसांनी." मस्कतला त्याच्या खोलीतला जोडीदार पहिल्याच झटक्याला गावी निघून गेला होता. त्यानंतर खोली, कारखाना, खोली. तो हसला म्हणून मीही हसले. मग फोन ठेवला आणि पदर तोंडात धरून रडले, कारण दार पातळ होतं.

क्वारंटाईन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चांदवडला, मुक्ताच्या घरासमोरच्या मांडवात लग्न. दोन तासांची परवानगी, मोजकी माणसं. त्या दोन तासांत हळद बसवणं शक्यच नव्हतं, म्हणून हळद आदल्या दिवशी, म्हणजे कोंडवाड्याच्या शेवटच्या दिवशी. निरंजनने ती आपल्या हाताने लावून घ्यायची आणि उरलेली उष्टी हळद आम्ही चांदवडला धाडायची, असं ठरलं. नवरदेवाच्या अंगाची उष्टी आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. गाडी सांगितली होती, गाडीचा पास काढला होता, ड्रायव्हरची तपासणी झाली होती. मी, वन्सं आणि फोनच्या पडद्यावर माझ्या तीन बहिणी, अशा पाच सवाष्णी जमवल्या होत्या. हळद कालवली, आंब्याची पानं घातली, वाटी स्टुलावर ठेवली. मी टकटक करायला हात उचलला, तेव्हा हे म्हणाले, "ही वाटी बाहेर कशी येणार?"

आम्ही सगळे वाटीकडे बघत राहिलो. पडद्यावरच्या तिघीसुद्धा. इतके दिवस आम्ही विमानाचा विचार केला, पासाचा केला, मास्कचा केला, आणि हे एवढंसं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताट बाहेर येतं ते उकळत्या पाण्यात जातं. हळद उकळता येत नाही. आणि उकळली तर ती उष्टी राहत नाही. शिवाय चांदवडला मुक्ताच्या आईला दमा. हे म्हणाले, "त्या बाईंच्या घरात या खोलीतली वस्तू मी जाऊ देणार नाही." मला त्यांचा संताप आला तो अशासाठी, की ते बरोबर होते.

वन्संनी आवाज खाली आणला. "वहिनी, दुसरी वाटी कालव आणि दे पाठवून. कोण बघायला येतंय?"

बघायला कुणीच येणार नव्हतं. पण आहेराच्या साडीची किंमत वाढवून सांगणं वेगळं आणि ही लबाडी वेगळी. मी चांदवडला फोन लावला आणि मुक्ताच्या आईला खरं काय ते सांगितलं. त्या बिचाऱ्या घाबऱ्या झाल्या. "आवो, सकाळधरनं बायका बसल्यात. उष्टी आल्याबिगर कोनी हात लावायचं नाय." मागून आप्पांनी फोन घेतला. "पहिला मुहूर्त इमानानं खाल्ला. दुसरा बी खाल्ला. आता तिसऱ्याला हळद आडली. विहीनबाई, देवाच्याच मनात नसंल तर राहू द्या. जबरदस्ती कशाला?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. दमलेला माणूस जेव्हा हळू बोलतो तेव्हा तो उठून जाणार असतो.

सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. मग पलीकडे जरा ओढाओढ झाली आणि मुक्ताचा आवाज आला. तिने सकाळीच एका अडलेल्या गाईचं काम करून येऊन न्हाणं उरकलं होतं म्हणे.

"काकू, त्या खोलीतून बाहेर काही येत नाही, बरोबर?"

"नाही येत गं."

"आत जातं ना पण?"

"जातं. जेवण जातं, कपडे जातात."

"मग माझी हळद जाईल. मी आधी लावते. माझी उष्टी त्याला."

वन्संनी कपाळावर हात मारून घेतला. "उलटी हळद? कुठे ऐकलंय?" तिकडे चांदवडलाही तोच गलका उठलेला ऐकू येत होता. त्यातून मुक्ता कुणाला तरी सांगत होती, आप्पांनाच असावं, "मी त्याचं उष्टं लावायचं ते चालतं, तर त्याला माझं चालतं का ते एकदा विचारा की." इतक्यात बंद दारामागून, फोनशिवाय, निरंजन मोठ्याने म्हणाला, "चालतं म्हणावं."

दुपार टळायच्या सुमारास खाली हॉर्न वाजला. कांद्याची पिकअप. बाहेरगावच्या पाहुण्यांना वर सोडायचं नाही असा सोसायटीचा नियम, म्हणून मी गॅलरीतून पाहिलं. आप्पा स्वतः आले होते. डोक्याला टोपी, मास्क नाकाखाली, हातात स्टीलचा डबा पांढऱ्या फडक्यात बांधलेला. वॉचमनने त्या डब्यावर औषध फवारलं, आप्पांवरही फवारलं, चुकून टोपीवर जास्त. मी दोरीला पिशवी बांधून खाली सोडली. आप्पांनी डबा पिशवीत ठेवला, दोरीची गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

"विहीनबाई, उलटं हाय हे," ते खालून म्हणाले. "आमच्या भावकीत असं कोनी केल्यालं नाय."

मी म्हटलं, "आमच्याही नाही, आप्पा."

"पोरगी ऐकंना." एवढं बोलून त्यांनी मान वर केली. आतल्या खोलीच्या खिडकीला गज आहेत, त्यामागे निरंजन उभा होता. आप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. साखरपुड्यात पाहिलेला मुलगा तो हाच का, असं बघत असावेत, कारण निरंजन फार वाळला होता. मग त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि आख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल असं विचारलं, "जावईबापू, जेवलात का?"

माणूस रागावलेल्या तोंडानेही किती गोड बोलू शकतो.

डब्याला कांद्याचा वास येत होता, आतल्या हळदीलाही थोडा. स्टुलावर ठेवला, टकटक केलं, आणि त्या दिवशी मात्र मी स्वयंपाकघरात गेले नाही. बोळाच्या टोकाला उभी राहिले. हेही माझ्या शेजारी उभे राहिले, नियम न सांगता. दार उघडलं, हात आला, शाईच्या शिक्क्याचा, डबा आत गेला. दारापलीकडून आम्ही त्याला सांगत होतो, आधी पाय, मग गुडघे, मग खांदे, मग कपाळ. वन्सं घसा बसलेला असताना हळदीचं गाणं म्हणत होत्या, पडद्यावरच्या तिघी अर्धी ओळ मागे राहून साथ देत होत्या, आणि ते सगळं इतकं भेसूर होतं की एरवी मी खिडकी लावून घेतली असती.

मग आतून आवाज आला, "आई, गार आहे गं."

थोड्या वेळाने नाक ओढल्याचा आवाज. मी दाराला हात लावून उभी राहिले. ती हळद तिकडे मुक्ताच्या पायांना, खांद्यांना, गालांना लागून आली होती. किती काळाने कुणा माणसाचा स्पर्श माझ्या पोराच्या अंगाला पोचला होता, आणि तो चांदवडहून, कांद्याच्या गाडीतून आला होता. आपल्याकडे उष्टं का पाठवतात याचा मी त्याआधी कधी विचार केला नव्हता. विधी म्हणून करत आले, विधी म्हणून वैतागत आले. त्या दारापाशी मला ते कळलं, आणि कळून मी आणखीच चिडले, कारण एवढी साधी गोष्ट कळायला जगाची विमानं बंद पडावी लागली.

दुसऱ्या दिवशी चांदवडला लग्न लागलं. अक्षता लांबून टाकायच्या म्हणून अर्ध्या गुरुजींवरच पडल्या. दोन तास संपायच्या आत हे घड्याळ दाखवायला लागले होते, पण गंगेत घोडं न्हालं. निरंजन परत गेला आणि त्याच्या मागोमाग तिकडचं दार लागलं. मुक्ताला जायला पुढची थंडी उजाडली. तेवढे महिने दोघांनी फोनवर संसार केला, आणि मी पुन्हा रोज परिपत्रकं ऐकली. तेव्हा मात्र चष्मा लपवला नाही, उलट सापडेना तेव्हा शोधून दिला.

यंदा वन्संच्या अमेयचं लग्न. तेही मागच्या तीन लॉन्सपैकी मधल्यात, डीजेसकट. निरंजन आणि मुक्ता त्यासाठी आले. विमान तासभर उशिरा उतरलं म्हणून विमानतळापासून नाशिकपर्यंत कुरकुरत आले. मी दोघांकडे नुसतं बघत राहिले. तासभर उशीर. माणूस किती लवकर पोटभर जेवलेल्यासारखा वागायला लागतो.

परवा अमेयची हळद होती, लॉन्स जवळ म्हणून आमच्याच घरी. पाट मांडलेला, बायका जमलेल्या, हळद कालवून तयार. वन्सं काही सुरू करू देईनात. सारख्या दाराकडे बघायच्या. शेवटी फोन लावून मुलीकडच्यांना विचारू लागल्या, "अहो, तुमची उष्टी निघाली का? आमच्याकडे मुलीची आल्याशिवाय मुलाला लागत नाही." पलीकडचे बिचारे गोंधळले असावेत. वन्सं ठणकावून म्हणाल्या, "पद्धतच आहे आमची तशी."

मी विचारलं, "कधीपासून हो वन्सं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जशी मीच परक्या घरातली. "पहिल्यापासून," म्हणाल्या.

मुक्ता पदर तोंडाला लावून वळली. हळद आली, पाच जणी दहा हातांनी अमेयवर तुटून पडल्या. तो अंग आखडून ओरडला, "मामी, गार आहे." सगळ्या हसल्या. निरंजन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो हसला नाही. माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, आणि त्याने माझा हात हातात घेतला. मागच्या लॉन्सवर डीजे सुरू झाला, काचा हादरायला लागल्या. खिडकी लावायला मी उठले नाही.